त्रेसष्टावा भाग

“काकी, याच्यावर हळदकुंकू वाहू नका हां. फटीत जाऊन बसतं, मग बटण दाबलं तरी अक्षर उमटत नाय.”

कर्जतच्या बाजारात, दुरुस्तीच्या दुकानात फुरकानने ही ताकीद दिली, तेव्हा मी त्याच्या टेबलावर झाकण वासून पडलो होतो. दसऱ्याला लोक यंत्रांची भक्तिभावाने पूजा करतात आणि दुसऱ्या दिवशी तीच यंत्रे त्याच्याकडे घेऊन येतात, हा त्याचा दर वर्षीचा अनुभव. समोर उभ्या असलेल्या अनसूयाबाईंनी मान डोलावली. हळू आवाजात म्हणाल्या, “बरं. मग झाकणावर गंधाचं बोट लावलं तर चालेल?”

फुरकान हसला. “बोट चालेल. वाटी नको.”

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटाखाली बारीक अक्षरांत लिहिले होते. ते आता झिजून गेले. मला आठवते ते खालापूर. तिथल्या एका कारखान्याच्या फाटकाजवळच्या खोलीत मी सहा वर्षे काढली. कुठली गाडी आत आली, कुठली बाहेर गेली, एवढेच माझ्यात भरले जाई. पाळीपाळीने माणसे बदलत. कोणी चहाचा पेला माझ्यावर टेकवी, कोणी जांभई देत माझ्या पडद्यावरची माशी मारी. त्या सहा वर्षांत मला कोणी एक धड वाक्य दिले नाही. मग नवी यंत्रे आली आणि आम्हां सात-आठ जणांना गोणपाटात घालून टेंपोने कर्जतला पाठवले. फुरकानने दोघांचे अवयव काढून मला जगवले. जे गेले त्यांची आठवण माझ्या अंगातच आहे.

बाईंचे घर दहिवलीला. तिथल्याच शाळेत एकतीस वर्षे शिकवून त्या निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगी अबोली पुण्याला नोकरीत. घरात बाई आणि त्यांचे देव. मला जागा मिळाली ती देव्हाऱ्याशेजारच्या बैठ्या टेबलावर. बाई खिडकीकडे पाठ करून बसत, त्यामुळे माझे तोंड खिडकीकडे. बाईंच्या खांद्यावरून मला गल्ली दिसे आणि गल्लीपलीकडची एक गच्ची.

बाईंना कादंबरी लिहायची होती. आजची नाही, लग्नाआधीपासूनची इच्छा. नऊ वह्या त्यांनी हाताने लिहून एका प्रकाशकाकडे पाठवल्या होत्या. दीड वर्षाने वह्या परत आल्या, तेव्हा बाईंनी बांधलेल्या दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. त्या कोणावर रागावल्या नाहीत. वह्या ट्रंकेत ठेवल्या आणि पोळ्या करायला उठल्या, असे अबोली सांगते.

मला घरी आणल्यावर अबोलीनेच त्यांना वाट दाखवली. आता म्हणे प्रकाशकाच्या पायऱ्या चढायला नकोत. मोबाइलवर एक अ‍ॅप आहे, तिथे रोज एक भाग टाकायचा, वाचणारे आपणहून येतात. “फक्त एक कर आई,” ती म्हणाली, “भागाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेव. वाचक उद्या परत यायला हवा.”

“अगं, वाचक म्हणजे काय मासा आहे?”

“मासाच गं. तू गळ टाक.”

बाईंनी गळ टाकला नाही, नेम धरला. चातुर्मासात कोणी कांदा सोडतो, कोणी वांगे सोडतो, कोणी जेवताना मौन पाळतो. बाईंनी देवापुढे पाणी सोडून संकल्प केला, की चार महिने रोज एक भाग लिहायचा, आणि तो अ‍ॅपवर चढल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही. पहाटे स्नान, पूजा, पोथीचा एक अध्याय, एकशे आठ वेळा जप, आणि मग मी.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे दिवस होते. भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत राहणारी जना नावाची बाई माझ्यात हळूहळू जन्माला आली. तिचा नवरा, तिचे भांडखोर दीर, डोंगरावरून येणाऱ्या त्या मोठ्या नळांचा आवाज, सगळे आले. एवढी वाक्ये! मी तापत असे, अडखळत असे, पण एकही अक्षर सांडू दिले नाही. दहा-साडेदहाला भाग चढे आणि बाई पानावर बसत.

पण मित्रांनो, एक गोष्ट अबोलीने सांगितली नव्हती. भागाखाली आकडा असतो. किती जणांनी वाचले, तो आकडा. पहिल्या दिवशी तो अकरा होता. बाईंना अकरा माणसे भेटायला आल्यासारखे वाटले. दहाव्या दिवशी तो चाळीस झाला, तिसाव्या दिवशी दोनशे. तिथे तो अडकून बसला आणि बाईंचे चित्त त्याच्याशी अडकले. हातात माळ फिरत असे आणि डोळे माझ्या पडद्यावर. एकशे आठ मण्यांत त्या मला सात-आठदा तरी उठवत. पुन्हा बघत. पुन्हा तोच आकडा. मला झोप लागेना आणि त्यांनाही चैन पडेना. स्वतःवरच चिडून त्या माळ पहिल्यापासून सुरू करत. खाली कोणी लिही, “ताई, जनाला माहेरी पाठवू नका.” कोणी लिही, “छान, पण फार संथ.” त्या संथ शब्दाने त्यांचे दोन दिवस खाल्ले.

आणि त्यातच अ‍ॅपवाल्यांनी स्पर्धा काढली. आधीचे दिवस धरून शंभर दिवस सलग, एकही भाग न चुकवता न काढता जे लिहितील, त्यांतल्या निवडक पाच जणांचे छापील पुस्तक निघणार. छापील! बाईंनी ते वाक्य तीनदा वाचले आणि झाकणावर गंधाचे बोट जरा जास्तच दाबून लावले.

आता त्या गच्चीविषयी सांगतो. ती झोहराची. बाजारात त्यांचे पडद्यांच्या कापडाचे दुकान होते. नवरा आजारी पडून गेल्यापासून ती घरीच शिलाई करते. तिचा मुलगा सलमान चौथीत बाईंच्या वर्गात होता, म्हणून ती बाईंना ‘बाई’ म्हणते. दोन घरांत एक डबा सतत ये-जा करत असे. इकडून पुरणपोळी गेली की तिकडून खीर येई. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा दोघींचा न बोलता ठरलेला कायदा.

दर शुक्रवारी चारच्या सुमारास झोहरा गच्चीवर येई. मोबाइल कानाला लावून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोले. “हां रं बाबा, जेवलास का? खोटं नको बोलूस! आवाजावरून कळतं मला.” मग रसायनीच्या कारखान्यातल्या त्याच्या पाळ्या, सुनेची तब्येत, सगळी चौकशी. गल्लीत लोक म्हणत, पोरगा येत नाही, पण फोन चुकवत नाही हो.

एका दुपारी झोहरा तोच मोबाइल घेऊन बाईंकडे आली. “बाई, हा बघा ना, अडकलाय वाटतं. कुणाचा फोनच येत नाय.”

बाईंनी चष्मा लावून पाहिले. “अगं, याचं रिचार्ज संपून चार महिने झालेत. फोन जात पण नाही, येत पण नाही.” मग त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. “मग तू दर शुक्रवारी…?”

झोहराने मोबाइल परत घेतला. मग एकदम हसली. “हवेशी बोलते, बाई. काय करू? त्याच्या बापाच्या दुखण्यावरून आमचं भांडण झालं, त्याला दोन वर्सं झाली. रसायनी काय लांब हाय? पण येत नाय. आन् ही गल्ली कशी हाय तुमाला ठाव हाय. कीव करतील. मला कुणी कीव केलेली नाय चालत.” उठताना ती म्हणाली, “तुमी पोथी वाचता, म्हणून सांगितलं. तुमच्या पोटात ऱ्हाऊ द्या.”

“राहील गं,” बाई म्हणाल्या.

मी हे सगळे ऐकले. माझ्यासारख्याच्या पोटात पुष्कळ काही राहते. अडचण अशी, की आम्हांला काय ठेवायचे आणि काय बाहेर सोडायचे हे आमच्या हातात नसते.

बासष्ट भाग झाले. त्रेसष्टाव्या दिवशी बाई माझ्यासमोर बसल्या आणि काहीच येईना. सकाळभर वीज गेली ती वेगळीच. बारा वाजले, दोन वाजले. एक ओळ लिहायच्या, खोडायच्या. पोटात अन्न नाही. शंभर दिवसांची साखळी तुटणार, देवापुढचा शब्द तुटणार. त्या उठून घरात फेऱ्या मारत होत्या, येऊन बसत होत्या, पुन्हा उठत होत्या. साडेतीनला त्या बसल्या आणि त्यांची बोटे माझ्यावर अशी धावली, की मला त्यांना गाठता येईना.

जना वसाहतीच्या मागच्या टेकाडावर जाते. बंद पडलेला फोन कानाला लावते. रागावून गेलेल्या मुलाशी बोलते. नाव बदलले होते, गाव बदलले होते, शुक्रवारचा रविवार केला होता. पण शेवटची ओळ त्यांनी तशीच ठेवली, कारण तिच्याइतकी सुंदर ओळ त्यांना सुचणे शक्य नव्हते. ‘जेवलास का? खोटं नको बोलूस.’ चार वाजता भाग चढला. बाईंनी गार भात दह्याशी कालवून खाल्ला आणि बसल्या जागी डोळे मिटले. मला वाटते, त्यांना तेव्हा काही चुकले असे वाटलेच नाही. भुकेने माणूस हलका होतो आणि हलकेपणाला तो पुण्य समजतो.

दुसऱ्या दिवशी आकडा चार हजार होता. तिसऱ्या दिवशी अकरा हजार. लोकांनी तो भाग उचलून एकमेकांना पाठवला. “रडवलंत ताई.” “आईला लगेच फोन केला.” अबोली फोनवर ओरडलीच, “आई, अ‍ॅपवाल्यांनी पहिल्या पानावर लावलाय! तुझं पुस्तक येणार बघ!”

तो तिसरा दिवस शुक्रवार होता. चार वाजता बाई माझ्यासमोर बसून प्रतिक्रिया वाचत होत्या, पाठ खिडकीकडे. मला मात्र दिसत होते. झोहरा गच्चीवर आली. मोबाइल कानाला लावला. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या, खालच्या ओट्यावर शेजारच्या गौराबाई आणि आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या. रोज त्या तिथे नसतात.

“हां रं बाबा,” झोहरा म्हणाली, “जेवलास का?”

आणि खालून कोणीतरी सूर काढून म्हणाले, “खोटं नको बोलूस!”

हसू पिकले. सगळेच दुष्टपणाने हसले असे नाही. आपल्या गल्लीतले माणूस मोबाइलवर आले याचेही हसू होते त्यात. गौराबाई तर डोळे पुसत होत्या. झोहराने फोन कानावरून खाली घेतला. तो हातात धरून ती क्षणभर उभी राहिली, जणू ती वस्तू काय आहे ते तिला आठवेना. मग ती खाली गेली. मला ओरडून बाईंना सांगावेसे वाटले. पण माझा आवाज म्हणजे फक्त एक टिंग, आणि ती प्रत्येक नव्या प्रतिक्रियेला वाजतच होती.

रविवारी सकाळी झोहरा दारात आली. हातात डबा.

“ये ना, बस,” बाई म्हणाल्या.

“नाय. उभीच बरी हाय.” तिने डबा पुढे केला. बाईंनी घेतला आणि त्यांचा हात एकदम वर उचलला गेला. डबा रिकामा होता. घासून, पुसून, रिकामा.

“काय झालं गं?”

“तुमी सांगा काय झालं. त्या पेटीत माझं काय लिवलंय?”

“तुझं नाही गं, ती जना आहे, भिवपुरीची…”

“जना काय माझ्या गच्चीवर ऱ्हाते?” झोहराचा आवाज चढला नव्हता. “गौराबाई काल भाजी घेऊन आली. फुकटची. म्हणली, बिचारी. बाई, दोन वर्सं मी त्या एका शब्दापासून पळत होते. तुमी तो माझ्या दारात आणून ठेवलात.”

बाईंनी डबा खाली ठेवला. म्हणाल्या, “मी काढून टाकते.”

“लोकांच्या मोबाइलातनं पण?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. झोहरा गेली.

बाईंनी अबोलीला फोन लावला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, वेडी आहेस का? आता काढलास तर साखळी तुटेल. स्पर्धेतून बाद. आणि जे पसरायचं ते पसरलंय, काढून त्यांना काय मिळणार? शंभर होऊ देत, मग काढ. तेहेतीस दिवस तर राहिलेत.”

बाईंनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी माझे झाकण किती वेळा उघडले आणि मिटले, मी मोजायचे सोडून दिले. देवापुढे बसत, उठत. माळ हातात घेत, ठेवत. एकदा त्यांनी ट्रंक उघडली, त्या नऊ वह्या नुसत्या हाताने चाचपल्या आणि ट्रंक लावली. पुस्तक म्हणजे त्यांच्यासाठी काय होते, ते मला त्या चाचपण्यावरून कळले. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेले तेव्हा त्या देव्हाऱ्यापुढे हात जोडून, अगदी हळू, पण मला ऐकू येईल असे म्हणाल्या, “उपास मी धरला आणि घास तिच्या तोंडचा काढला. हा कसला नेम? मोडते मी. पदरात घे.”

मग त्या माझ्यासमोर बसल्या. त्रेसष्टावा भाग उघडला. आकडा एकवीस हजार झाला होता. त्याकडे त्यांनी पाहिले. पाहिले नाही असे मी म्हणणार नाही. काढून टाकण्याचे बटण दाबले. पडद्यावर प्रश्न आला, खात्री आहे का? त्यांनी होय म्हटले. पुन्हा प्रश्न आला, भाग परत मिळणार नाही, सलग दिवस शून्य होतील, खात्री आहे का? यंत्रांना सगळे दोनदा विचारायची सवय असते. तशी सवय त्रेसष्टाव्या दिवशी, भाग चढवतानाच असती तर! तेव्हा एकदाही कोणी विचारले नाही.

बाईंनी होय म्हटले.

त्या खिडकीशी गेल्या. झोहरा गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. “झोहरा,” बाईंनी हाक मारली. आयुष्यात त्यांनी गल्लीत मोठ्याने हाक मारली असेल असे मला वाटत नाही. “काढलं गं.”

झोहराने एका कपड्याची घडी घातली, दुसऱ्याची घातली. मग कठड्याशी आली.

“एक इचारू? त्यात होतं तरी काय? गल्ली हसली, गल्ली रडली. मला कुणी वाचून नाय दाखवलं. त्या बारीक अक्षरांचं मला काय दिसत नाय.”

“मी दाखवीन वाचून.”

“तेवढंच नको. पयल्यापासनं. ती जना कोण, कुठली, तिचं पोरगं का गेलं, सगळं. मला कळू तरी द्या, माझं दुखणं तुमी कुणाच्या अंगावर घातलं.”

“पहिल्यापासून वाचीन. थांब म्हणशील तिथे थांबेन.”

“आन् पुसा म्हनलं तर?”

बाईंनी खिडकीचा गज धरला. सहासष्ट दिवस होते त्यात, आणि त्यामागे नऊ वह्या. “पुसेन,” त्या म्हणाल्या.

“सगळं?”

“तू म्हणशील ते.”

“जुम्म्याला या मग. चारला. त्या टायमाला मी मोकळी असते आता,” झोहरा म्हणाली आणि कपडे उचलून आत गेली.

मित्रांनो, खरे तर अशा गोष्टीच्या शेवटी मी तुम्हांला सांगायला हवे, की आम्हां जुन्या यंत्रांना फेकू नका, धूळ पुसा, चहा सांडू नका. तेही करा. पण माझ्या अनुभवाने एक निराळी विनंती करतो. कोणी विश्वासाने तुमच्या हाती आपले मन ठेवले, तर ते माझ्यासारख्याच्या स्वाधीन करण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आम्ही फार वेगवान आहोत. आम्हांला परत बोलावता येत नाही. तो भाग आजही कोणाकोणाच्या मोबाइलात असेल. इतक्या ठिकाणी गेला, रसायनीला पोचला की नाही, कोण जाणे.

मधले चार दिवस बाईंनी काही लिहिले नाही. मला वाटले होते, त्या शांत होतील. झाल्या नाहीत. कामे करता करता मध्येच थांबत, ओठ हलवत. पहिला भाग मनात म्हणून बघत असाव्यात. एकदा एक वाक्य बदलायला बसल्या आणि न बदलताच उठल्या.

आज शुक्रवार. अबोलीचे दोन फोन येऊन गेले. बाईंनी उचलले नाहीत. साडेतीनला त्यांनी साडी बदलली, देवाला नमस्कार केला, माझा पडदा पदराने पुसला. अक्षर मोठे करून ठेवले, इतके मोठे, की पडद्यावर जेमतेम आठ ओळी मावाव्यात. मग मला मिटून काखेत घेतले आणि दाराला कडी लावली.

ओट्यावर गौराबाई होत्याच. “अहो बाई, लॅपटॉप घेऊन कुठं निघालात? बिघडला का?”

“नाही. वाचायला निघाले.”

“कुणाला?”

बाई थांबल्या नाहीत. गल्ली ओलांडली. झोहराच्या जिन्याचे दार नुसते लोटलेले होते. बाईंनी ते हळूच ढकलले, चपला बाहेर काढून ठेवल्या, आणि मला दोन्ही हातांनी छातीशी धरून वर चढू लागल्या.